एस्टेलबाईंची चूल

कॅम्प बॉस हे माझ्या हुद्द्याचं नाव. नाशिकच्या नातेवाइकांना ते ऐकून मी कुणीतरी बडा साहेब झालो असं वाटायचं आणि त्यांचा गैरसमज दूर करायची घाई मी कधी केली नाही. पण खरं सांगायचं तर मी इतकी वर्षं फोडणीच्या वासावर पगार घेतला. जिन्यात पाय ठेवला की जिरं कुठल्या मजल्यावर आणि लसूण कुठल्या खोलीत, हे मला नाकानं कळायचं. माझी बायको वैशाली म्हणते, "तुमचं बाकी काही थकलं नाही, नाक तेवढं ऑफिसला गेल्यासारखं दमतं."

दोह्याच्या दक्षिणेला बिरकत अल अवामेर नावाचा भाग आहे. तिथं बांधकामावरच्या मजुरांच्या राहण्याच्या इमारतींच्या रांगा आहेत. त्यातल्या एका कंपनीच्या कॅम्पचा सगळा संसार माझ्याकडे होता. खोली कुणाला, पलंग वरचा की खालचा, पाण्याचा टँकर का आला नाही, ढेकणांचं औषध कधी मारायचं, टीव्हीवर क्रिकेट लावायचं की नेपाळी बातम्या, सगळं माझ्या डोक्यावर. एकदा दोन बंगाली सख्खे भाऊ माझ्यासमोर येऊन म्हणाले, "आम्हाला वेगवेगळ्या खोल्या द्या, नाहीतर आईला फोन करून तुमचं नाव सांगू." मी दिल्या. दुसऱ्या आठवड्यात दोघंही परत आले, एकत्र ठेवा म्हणून. हे काम इंजिनिअरिंगचं नाही, सासूचं आहे.

त्यातलं सगळ्यात वाईट काम शेगड्या पकडण्याचं. कॅम्पला मेसचं जेवण होतं आणि खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई होती. मनाईला कारण होतं. मी नोकरीला लागण्याआधी एका खोलीत विजेच्या शेगडीनं गादी पेटली आणि सगळ्यांचं होतं नव्हतं ते जळून गेलं. माणसं वाचली ती नशिबानं. त्यामुळे नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण मेसचं जेवण तरी कसं? चारी दिशांच्या माणसांना एकच डाळ. केरळच्या माणसाला ती उत्तरेकडची वाटायची, बिहारच्या माणसाला दक्षिणेकडची आणि मला ती कुठलीच वाटायची नाही. मग माणसं शेगड्या आणायची. भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीखाली, छताच्या पोकळीत, नमाजाच्या चटईच्या गुंडाळीत, बॅगेच्या तळाशी लग्नाच्या अल्बमखाली, जिथं जिथं माणसाला जागा सुचते तिथं तिथं मी शेगड्या शोधल्या आहेत.

एक नियम मात्र मी माझा स्वतःचा केला होता. शेगडी जप्त, पण भांड्यातलं अन्न मी कधी फेकू दिलं नाही. "बसा, जेवा, मग बोलू," असं म्हणून मी दाराशी स्टूल टाकून बसायचो. जेवण झाल्यावर वायर गुंडाळून शेगडी काखेत मारायचो. कित्येकांनी मलाही ताट वाढलं. नाही म्हणवत नसे.

या धंद्यात शंकर गायकवाड माझं नेहमीचं गिऱ्हाईक. बीडकडचा माणूस, सळई बांधणारा, अंगानं काटक आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणारा. त्याला भाकरीशिवाय चालायचं नाही. दोह्यातल्या नजमा भागातल्या किराणा दुकानातून तो ज्वारीचं पीठ आणायचा आणि शुक्रवारी खोलीत भाकरी थापायचा. पहिल्यांदा पकडला तेव्हा समज दिली. दुसऱ्यांदा लेखी ताकीद. तिसऱ्यांदा पकडला तर थेट मायदेशी, हा कंपनीचा नियम. आणि तिसऱ्यांदा तो पकडला गेला, मीच पकडला.

"साहेब, भात खाऊन पोट फुगतंय, भरत न्हाई," तो म्हणाला. "भाकर थापली की वाटतं, आपुन मानूस हावोत."

"अरे पण आता घरी पाठवतील तुला. पोरीचं लग्न ठरलंय ना?"

"ठरलंय की." त्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "ही खाऊन घेऊ का?"

मी स्टुलावर बसून राहिलो. त्यानं अर्धी भाकरी मला दिली. ती शेगडी मी माझ्या कपाटात ठेवली आणि रिपोर्ट लिहायला घेतला, तो काही पुरा होईना. दर महिनाअखेर जनरल मॅनेजर दीक्षित साहेबांकडे असे रिपोर्ट जायचे. महिना संपायला थोडे दिवस होते, तेवढीच गायकवाडची मुदत.

त्याच दिवसांत रूथ मॅडम आल्या. प्रकल्पाच्या मालकांनी मजुरांच्या प्रतिनिधींची निवडणूक घ्यायची ठरवली होती. मजुरांनी आपली माणसं निवडावीत, त्यांनी अडचणी मांडाव्यात आणि कंपनीनं ऐकावं. हे शिकवायला अमेरिकेहून या बाई आल्या. काळ्या वर्णाच्या, उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या, हसल्या की खोली भरून जायची. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मी हिंदीत सांगायचो.

हॉलच्या भिंतीवर त्यांनी फ्रेम केलेले फोटो लावले. त्यांच्या देशात गरिबी आणि वर्णभेद यांच्याविरुद्ध लढलेल्या पुढाऱ्यांचे. तुरुंगात गेलेले, मळ्यातल्या मजुरांना एकत्र आणणारे, मोर्चात मार खाल्लेले. त्या एकेकाची गोष्ट सांगत गेल्या. आमची माणसं दिवसभर उन्हात राबून आलेली, तरी एकही डुलकी काढत नव्हता. शेवटचा फोटो एका बाईचा होता. मोठ्या पातेल्यापुढे हातात पळा घेऊन उभी आणि कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की फोटोवाल्याला रागावलीच असावी.

"ही माझी आई, मिस एस्टेल," रूथ मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला हिचं नाव कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. हे बाकीचे सगळे भाषणं करत होते तेव्हा मोर्चाला जेवण कुणी घातलं? आमच्या गावात गोरगरिबांची मुलं शाळेत उपाशी जायची. आई चर्चच्या मागे सकाळी त्यांना खाऊ घालू लागली. गावच्या अधिकाऱ्यांनी परवाना नाही म्हणून ते स्वयंपाकघर बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिनं पातेलं उचललं आणि त्यांच्या कचेरीच्या पायऱ्यांसमोर चूल मांडली."

मी हे हिंदीत सांगितलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. सगळे गायकवाडकडे बघत होते. तो उठून म्हणाला, "मॅडमला इचारा साहेब, ह्यांची शेगडी कुनी जप्त केली होती का?"

मी विचारलं. रूथ मॅडम म्हणाल्या, "दोनदा. तिसऱ्यांदा जप्त करायला आलेला शिपाई तिथंच जेवला."

हे मात्र मी भाषांतर करताना जरा घाईत उरकलं. तरी लोक टाळ्या वाजवून माझ्याकडे बघत होतेच.

त्या संध्याकाळी ठरलं. माणसांची मागणी एकच, सगळ्यांसाठी एक सामाईक स्वयंपाकघर, जिथं सुरक्षितपणे आपापलं शिजवता येईल. प्रतिनिधी म्हणून नाव आलं गायकवाडचं. मी दीक्षित साहेबांच्या कानावर घातलं. ते पुण्याचे, अत्यंत शिस्तीचे, हुशार माणूस, पण त्यांचं नाही म्हणजे नाही. "आज चूल देतो, उद्या तंदूर मागतील. वायरिंग, धूर, साफसफाई, कोण बघणार? आणि तो गायकवाड तिसऱ्यांदा सापडलाय असं ऐकतोय. त्याचा रिपोर्ट कुठंय?"

"येतोय साहेब," मी म्हणालो.

निवडणूक शुक्रवारी होती. दुपारी जेवणं उरकल्यावर हॉल बघायला गेलो आणि दारातच थबकलो. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंना झेंडूचे हार. नजम्यात विमानानं येणारी फुलं मिळतात, ती आणली होती. खाली उदबत्त्या. आणि सगळ्यात जाड हार मिस एस्टेलच्या फोटोला, वर कपाळावर कुंकवाचं बोट.

"गायकवाड!" मी ओरडलो. "हे काय केलंस? अरे, बाई जिवंत आहे!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "जित्ती हाय? मग भितीवर कशापायी लावलीय?"

त्याचंही खरंच होतं. आपल्याकडे भिंतीवर फ्रेममध्ये एकतर देव असतात नाहीतर गेलेली माणसं. जिवंत माणसं मोबाइलमध्ये असतात. फोटो जुना, काळा-पांढरा, शेजारी सगळे दिवंगत. माझंही चुकलं असतं. पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं, हे लहान पोरालाही ठाऊक. मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि हार काढायला हात घातला, तोच दारात दीक्षित साहेब. बरोबर मालकांची दोन माणसं.

साहेबांनी हार पाहिला, कुंकू पाहिलं आणि माझा हात हारावर पाहिला. त्यांना वाटलं मी हार नीट करतोय. त्यांनी दारातच बूट काढले. पुढे येऊन फोटोसमोर हात जोडले, डोळे मिटले. मी खुर्चीवर तसाच. खाली उतरावं तर साहेबांच्या डोक्यावरून, वर राहावं तर माकड.

रूथ मॅडम मागून मतपेटी घेऊन आल्या. "ते काय करताहेत?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या आईंना मान देताहेत," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांचे डोळे भरून आले. ते साहेबांनी बघितलं. माणूस कडक असला तरी आईच्या बाबतीत हळवा, दरवर्षी आईच्या श्राद्धाला कसंही करून पुण्याला जाणारा. त्यांनी माइक घेतला आणि मजुरांना हिंदीत म्हणाले, "ऐसी माँ के लिए कंपनी जरूर कुछ करेगी. आप लोग ही बताइए, क्या करें?"

मी खुर्चीवरून गायकवाडकडे बघितलं. तो माझ्याकडे. त्याला कळलं होतं की साहेब बाईंना गेलेली समजताहेत, आणि मला कळलं होतं की त्याला कळलंय.

"साब," तो उभा राहिला. "चूल्हा."

साहेबांनी फोटोतल्या पातेल्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है. इनके नाम से किचन बनेगा." टाळ्यांनी हॉल दणाणला. मालकांची माणसंही टाळ्या वाजवत होती आणि त्यातल्या एकानं फोटो काढला. मी खुर्चीवरून उतरलो.

रूथ मॅडमना मी इंग्रजीत सांगितलं तसा त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "केवढी मोठी गोष्ट! आईला किती आनंद होईल! आता तिकडे सकाळ झाली असेल, लगेच फोन करते."

दीक्षित साहेबांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग हाराकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होतो.

इकडे गायकवाड धावत फोटोपाशी गेला. "काढतो साहेब, काढतो. पाप लागंल." रूथ मॅडमनी विचारलं काय झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगून टाकलं, की आमच्यात हार गेलेल्या माणसाच्याच फोटोला घालतात, पोरांकडून अजाणता झालं, माफ करा.

बाई अशा हसल्या की खिडक्या हलल्या. "आमच्या चर्चमध्ये म्हातारी माणसं उलटं म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणतात, आमची फुलं आम्हाला जिवंतपणी द्या, मेल्यावर त्यांचा वास कोण घेणार? हात लावू नका त्या हाराला."

फोन लागला. मोठ्या पडद्यावर मिस एस्टेल दिसल्या. नव्वदीच्या घरातली बाई, डोक्याला रुमाल, मागे गॅसवर काहीतरी उकळतंय. नजर तीच, फोटोवाल्याला रागावणारी. लेकीनं त्यांना फोटो दाखवला, हार दाखवला, त्याचा आमच्याकडचा अर्थही सांगितला. म्हातारीनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"खरी फुलं आहेत?" त्यांनी विचारलं.

"खरी," गायकवाड म्हणाला. तेवढं इंग्रजी त्याला कळलं.

"मग राहू द्या. माझ्या गावानं मला अजून दिली नाहीत." मग डोळे बारीक करून विचारलं, "तुम्ही आज काय खाल्लंत?"

"राइस," दोघं-तिघं म्हणाले.

"कुणी शिजवला?"

पोरं मेसच्या दाराकडे बघू लागली. म्हातारीला काय समजायचं ते समजलं. "तिथं मागे टाय घातलेला माणूस कोण आहे?" त्या म्हणाल्या. "त्याला पुढे बोलवा."

दीक्षित साहेब पुढे आले. पायात अजून नुसते मोजे. मिस एस्टेलनी त्यांचे आभार मानले आणि शांतपणे विचारलं, "बाळा, किचन कधी पेटणार? मी म्हातारी आहे. मला बघून जायचंय."

मी इतकी वर्षं मोठे मोठे मुदीर, म्हणजे इथले मॅनेजर, पाहिले, मंत्र्यांची पथकं पाहिली, ऑडिटं पाहिली. साहेबांना असं कोंडीत कुणी पकडलेलं पाहिलं नव्हतं, तेही बाळा म्हणून. एका हाराच्या चुकीनं मिळालेला शब्द त्या बाईनं एका प्रश्नात पक्का करून घेतला. पुढारी कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर रमजानच्या आधी असं कबूल केलं.

मतमोजणी झाल्यावर निघताना दारात ते मला म्हणाले, "तिसऱ्यांदा सापडलेला तो गायकवाड म्हणजे हाच ना, चूल मागणारा?"

"हाच साहेब. आत्ताच निवडून आला. उद्घाटन याच्याच हातून करावं म्हणतात लोक."

ते बूट घालत होते. नाडी नीट ओढून बांधली. "उद्घाटन करणाऱ्याला घरी कसा पाठवणार तुम्ही? रिपोर्ट राहू द्या," ते म्हणाले. "आणि यापुढे खुर्चीवर चढण्याआधी मला फोन करत जा."

किचन झालं. तळमजल्यावर, विजेच्या मोठ्या शेगड्या, वर धूर ओढायची यंत्रणा, सगळं नियमात बसवून. उद्घाटनाला गायकवाडनं पहिली भाकरी थापली आणि मिस एस्टेलनी पडद्यावरून ती फुगताना पाहिली. भांडणं झालीच. बंगाल्यांची मासळी आणि आमची भाकरी एका वेळी नको, नेपाळ्यांच्या मुळ्याच्या लोणच्याचा वास नको, धुतल्याशिवाय तवा ठेवायचा नाही. पण ती भांडणं घरातली होती. ती गायकवाडच सोडवायचा. खोल्यांतल्या शेगड्या आपोआप गेल्या आणि माझ्या नाकाला सुट्टी मिळाली. लेकीच्या लग्नाला गायकवाड रजेवर गेला आणि परतही आला. मिस एस्टेलचा फोटो किचनमध्ये, दर शुक्रवारी ताजा हार. फोटोचा फोटो काढून रूथ मॅडमना पाठवायचा, हे कुणी न सांगता सुरू झालं होतं. म्हातारीचं उत्तर यायचं, कधी "झेंडूच पाठवा", कधी "आज काय शिजवलं?"

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साइटच्या बसेस आल्या आणि मी नेहमीप्रमाणे फेरी मारायला निघालो. जिन्यापाशी आलो आणि पाय थांबला. वास नव्हता. ना जिरं, ना लसूण, ना मासळी. किचनमध्ये अंधार. सगळी माणसं बाहेर फुटपाथवर ओळीनं बसलेली, मराठी, बंगाली, नेपाळी, सगळी. मेसचे डबे बाजूला, न उघडलेले.

गायकवाडच्या हातात फोन होता. "एस्टेलबाई गेल्या, साहेब. रूथताईंचा मेसेज आलाय."

"अरे रे." मी त्याच्याशेजारी बसलो. म्हणालो, "पण जेवा तरी. सकाळपासून राबून आलात."

"घरातलं मानूस गेल्यावर चूल पेटवत न्हाईत." त्यानं बंगाली, नेपाळी पोरांकडे हात केला. "ह्यांना मी सांगितलं, आमच्यात असं असतंय. ते म्हनले, मग आमी बी न्हाई पेटवत."

"ती बाई आयुष्यभर उपाशी माणसं बघू शकली नाही रे. तिच्या नावानं उपाशी राहणार तुम्ही? उठा, पेटवा."

ज्यानं उभ्या नोकरीत लोकांच्या शेगड्या विझवल्या, तो मी ओळीतल्या एकेकाला पेटवा रे, पेटवा रे म्हणत होतो. कुणी उठलं नाही. गायकवाड मान खाली घालून म्हणाला, "तुमचं बराबर हाय साहेब. पर आमच्या हातून न्हाई व्हायचं."

मग मला आठवलं, की त्या घरी चूल पेटत नाही हे खरं, पण शेजारी तर आणतात! तो रिवाजच आहे. आणि या घराला शेजारी म्हणावा असा माणूस कोण, तर दाराशी स्टूल टाकून बसणारा मी.

"तुम्ही घरचे," मी म्हणालो. "तुम्ही बसा. मी शेजारी."

आत गेलो, दिवा लावला. फोटोतली बाई पळा घेऊन बघत होती. दोह्याजवळच्या मुऐदरला, आमच्या घरी, वैशालीला फोन करून पिठल्याचं प्रमाण विचारलं. "किती माणसांचं?" तिनं विचारलं. "सगळ्यांचं," मी म्हणालो. ती बेसन आणि पाणी सांगत गेली. सगळ्यात मोठं पातेलं ओढलं. गुठळ्या होणार होत्या हे मला ठाऊक होतं. माझ्या हातानं मी शेगडीचं बटण फिरवलं, तेल तापवलं आणि लसणाची फोडणी दिली. वास खिडकीतून बाहेर पडला आणि फुटपाथवर बसलेल्या माणसांनी एकेक करून माना वर केल्या.